सुनेवर आळ

फोन घरीच ठेवा, जिथे जायचंय तिथे त्याला रेंज नाही. पुरुष असाल तर कोट, टाय आणि हॅट चढवा. बाई असाल तर टोपी, हातमोजे आणि पायांत लांब मोजे. भर उन्हाळा आहे, पण कपड्यांत सवलत नाही. खिशात थोडी चिल्लर असू द्या. पाच सेंटांचं एक नाणं टाकलं की सार्वजनिक फोन लागतो, आणि तेवढ्यातच कपभर कॉफीही मिळते.

झाली तयारी? मग चला. साल 1941. गाव पासाडिना, लॉस एंजलिसच्या ईशान्येला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं पैसेवाल्यांचं गाव. दुपार चढते आहे आणि ऊन तुमच्या मानेवर हात टाकून उभं आहे. हे मुंबईचं घामट ऊन नव्हे. इथे घाम येतो आणि रुमाल काढेपर्यंत वाळतो, कॉलरवर फक्त मिठाची रेघ उरते. निलगिरीच्या तापलेल्या पानांचा औषधी वास नाकात चढतो. हिरवळीवर पाण्याचे फवारे गरगर फिरताहेत, पण अंगावर शिंतोडा उडेल इतक्या जवळ तुम्हाला कुणी जाऊ देणार नाही. लांब कुठेतरी माळ्याची कात्री कचकच चालली आहे. बाकी रस्ता गप्प. श्रीमंत वस्तीत दुपारी माणसं दिसत नाहीत, फक्त त्यांची कामं करणारे दिसतात.

तुमच्या शेजारी उभा असलेला उंच माणूस फिलिप मार्लो. धंदा खासगी गुप्तहेराचा, फी रोजची 25 डॉलर आणि वरखर्च वेगळा. त्याचा निर्माता रेमंड चँडलर. पुढच्या वर्षी, 1942 मध्ये, चँडलरची ‘द हाय विंडो’ ही कादंबरी छापून येईल आणि आज तुम्ही जे बघणार आहात ते तिच्यातलंच आहे. समोरचं लाल विटांचं घर नकाशावर शोधू नका, ते चँडलरनं कागदावर बांधलंय. घरातली माणसंही त्याचीच. ऊन मात्र खरं, डोंगराखालचं शहर खरं, आणि या घरात जे चाललंय ते तर कुठल्याही गावात खरं ठरेल.

पायऱ्यांजवळ एक पुतळा दिसतोय का? घोड्याचा लगाम अडकवायला केलेला, रंगवलेला काळा मुलगा. त्या काळी गोऱ्या श्रीमंतांच्या अंगणात असले पुतळे असत. घोडे गेले, मोटारी आल्या, पोरगा मात्र उन्हात तसाच उभा. मार्लो आत जाता-जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. तुम्हीही ठेवा. तळव्याला चटका बसेल. या घरात सावलीत कोण बसतं आणि उन्हात कोणाला उभं करतात, ते तुम्हाला दारातच कळलं.

आत या. उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे आधी नुसते हिरवे-जांभळे ठिपके नाचतात. मग हळूहळू जड फर्निचर दिसायला लागतं. घर थंड आहे, पण वाऱ्याची थंडी नव्हे ही, बंद खोल्यांची आहे. मागच्या बाजूला एक खोली. कधीकाळी ऊन खात बसायला बांधलेली, पण बाहेरची झाडी इतकी माजू दिलीय की आता भर दुपारी तिथे तिन्हीसांजा. वेताच्या लांब खुर्चीवर एक अवजड बाई पसरली आहे. एलिझाबेथ ब्राइट मर्डॉक. दोन नवरे झाले, दोन्ही गेले. हाताशी पोर्ट वाइनचा ग्लास. दम्यासाठी घेते म्हणे. गोड, आंबूस वास तुमच्यापर्यंत येतो आणि त्या कोंदट खोलीत घशाशी बसतो. बसा असं तुम्हाला कोणी म्हणणार नाही. भिंतीला टेकून उभे राहा आणि ऐका.

बाईंच्या दुसऱ्या नवऱ्यानं जमवलेल्या नाण्यांच्या संग्रहातलं एक नाणं गेलंय. शहरातल्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याचा फोन आला, ते नाणं विकायचंय का, म्हणून. तेव्हा कपाट उघडलं, तर जागा रिकामी. कोणी नेलं? बाईंना क्षणभरही विचार करावा लागत नाही. सुनेनं. लिंडा कॉन्क्वेस्ट तिचं नाव. नाइटक्लबात गाणारी. लेकानं, लेस्लीनं, आईला न विचारता तिच्याशी लग्न केलं आणि आता ती घर सोडून गेली आहे. पुरावा काय? काही नाही. ती गाणारी होती, ती बाहेरची होती आणि ती निघून गेली, एवढं पुरे आहे. मार्लोनं तिला शोधायचं, नाणं परत आणायचं आणि गाजावाजा न होता घटस्फोट होईल अशी वाट करून द्यायची. पोलिसांना कळता कामा नये. आणि लेकालाही नाही.

शेवटचं वाक्य नीट ऐकलंत ना? आई आपल्या मुलाच्या बायकोमागे गुप्तहेर लावते आणि मुलाला अंधारात ठेवते. हे सगळं घराण्याच्या भल्यासाठी, असं तिचं म्हणणं. तुमच्या ओळखीच्या चार-दोन घरांतल्या बैठका आता डोळ्यांपुढे आल्या असतील. दागिना हरवला, पैसे कमी भरले, आणि बोलणं कसं अलगद नव्यानं उंबरा ओलांडून आलेल्या मुलीकडे वळलं, ते तुम्ही पाहिलं असेल. इथे साडेआठ हजार मैलांहून लांब, परक्या भाषेत, खोलीतली हवा तशीच आहे.

आता हात पुढे करा. ते नाणं क्षणभर तुमच्या तळहातावर ठेवतो. मर्डॉकबाई कल्पनेतल्या असल्या तरी ही जात खरी आहे, ब्रॅशर डबलून. न्यूयॉर्कमधल्या इफ्रेम ब्रॅशर नावाच्या सोनारानं ते 1787 मध्ये पाडलं. वजन 26 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपले सव्वादोन तोळे. एका बाजूला डोंगराआडून उगवणारा सूर्य, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड आणि त्याच्यावर सोनारानं आपल्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली. अशी नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. कादंबरीत त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या वर सांगितली आहे. अस्सल ब्रॅशर नाण्याला 2021 च्या लिलावात 93 लाख 60 हजार डॉलर आले. सोनं तळव्यावर गार लागतं आणि लगेच अंगाची ऊब घेतं. परत द्या. त्याच्यापायी दोन माणसं जिवानिशी जाणार आहेत.

निघण्याआधी बाहेरच्या लहान खोलीत डोकावा. टाइपरायटरची टकटक चालली आहे. मर्ल डेव्हिस, बाईंची सेक्रेटरी. बारीक, फिकट, चेहऱ्याला पावडरचा स्पर्श नाही. तिच्याजवळून जाताना धक्का लागणार नाही ना, ते बघा. पुरुषाचा हात नुसता जवळ आला तरी ती आक्रसून जाते. बाई तिच्यावर खेकसतात, आणि तीच मर्ल तुम्हाला सांगेल की बाई फार चांगल्या आहेत, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. हे ‘उपकार’ लक्षात ठेवा. सगळी कादंबरी त्यावर उभी आहे.

चला मोटारीत. आसनाचं चामडं इतकं तापलंय की बसता-बसता तुम्ही उडालात. काच खाली करा, गार हवा मिळायचा तेवढा एकच उपाय आहे. पासाडिनाहून शहरात जाणारा नवा रस्ता गेल्या डिसेंबरात खुला झालाय. वाटेत चौक नाहीत, सिग्नल नाहीत. गाडी अशी न थांबता पळू शकते याचंच लोकांना अजून अप्रूप आहे. वारा हॅट उडवू बघतो. मग एकदम शहर अंगावर येतं. पिवळ्या ट्रामगाड्यांची घंटा, रुळांवर चाकांची किंकाळी, पेपर विकणाऱ्या पोरांची आरोळी, मोटारींचे भोंगे. फुटपाथवर नुसत्या हॅटच हॅट. पेट्रोलचा धूर, सिगारचा धूर, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आणि गर्दीच्या अंगाला येणारा तापलेल्या लोकरीचा वास, कारण या उन्हातही लोक सूट घालून हिंडताहेत. सिनेमागृहाच्या दारावरून जाताना आतला यंत्रानं गार केलेला झोत पायांवर येतो आणि दोन पावलं रेंगाळावंसं वाटतं. रेंगाळू नका. मार्लो पुढे गेला.

नाण्यांच्या व्यापाऱ्याचं दुकान एका जुनाट इमारतीत आहे. लिफ्ट चालवणारा म्हातारा स्टुलावर बसून दोर ओढतो आहे असं वाटावं, इतक्या मुश्किलीनं ती वर चढते. दाटीवाटीनं उभे राहा, श्वास रोखून धरा. मजल्या-मजल्यावर अंधारे बोळ, दुधी काचेची दारं, त्यांवर सोनेरी अक्षरांत उडत चाललेली नावं. दंतवैद्य, हिशेबनीस, आज आहेत उद्या नाहीत अशा कंपन्या. या शहरात धंदा मांडणं सोपं आहे आणि बुडणं त्याहून सोपं. अशा दोनशे दारांमागे माणसं पंखा लावून गिऱ्हाइकाची वाट बघताहेत. अशा ठिकाणी सव्वादोन तोळे सोनं कोणाला काय करायला लावील, ते सांगता येत नाही.

आता बंकर हिल. हिल स्ट्रीट आणि थर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर या. समोर टेकडीच्या उभ्या अंगावर रुळांची जोडी टेकवलेली आहे. ही एंजल्स फ्लाइट, 1901 पासून चालणारी चिमुकली दोरगाडी. डबे दोन, सायनाय आणि ऑलिव्हेट. दोघे एकाच दोराला बांधलेले. एक वर निघाला की दुसरा खाली, आणि मधोमध दोघं एकमेकांना घासून जातात. लाकडी बाकावर बसा. तुमच्या मांडीला मांडी लावून एक बाई भाजीची पिशवी घेऊन बसली आहे. खालच्या ग्रँड सेंट्रल मार्केटमधली सेलरी आणि कांद्याची पात पिशवीतून डोकावते आहे. पलीकडे हातात पेपर धरून पेंगणारा म्हातारा. दोर ताणला जातो, डबा कुरकुरतो आणि शहर तुमच्या पायांखालून खाली सरकायला लागतं.

एक सूचना. कादंबरी अजून वाचली नसेल आणि शेवट स्वतःच गाठायचा असेल, तर खालीच उतरून एखाद्या ड्रगस्टोरच्या काउंटरवर थंड सोडा घेत बसा. ज्यांना पुढे यायचंय त्यांनी लाकडी दांडा घट्ट धरावा.

वर आलात. ही टेकडी एकेकाळी शहरातल्या बड्या लोकांची होती. नक्षीदार लाकडी वाडे, मनोरे, गोल खिडक्या, रुंद व्हरांडे. बडे लोक दूर गेले आणि वाड्यांच्या खोल्या झाल्या. आता एकेका दिवाणखान्याला तीन-तीन भाडेकरू, आणि मजल्याला मिळून एक न्हाणीघर. व्हरांड्यात पेन्शनीत निघालेले म्हातारे खुर्च्या टाकून बसलेत. ऊन सरकतं तशी खुर्चीही सरकवतात. जिन्यात शिरा. कोबी, तळलेला कांदा, शिळी बिअर आणि झिजलेल्या गालिच्याची धूळ, सगळं एकाच श्वासात. शेजारच्या खोलीत रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचं धावतं वर्णन इतक्या मोठ्यानं चाललंय की दार थरथरतंय. कोणी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. आणि नेमकं त्याच्या समोरच्या खोलीत जॉर्ज फिलिप्स मरून पडलाय. नवखा गुप्तहेर. डोक्यात भपका फार, अक्कल बेताची. ते नाणं त्याच्या हातात सापडलं आणि त्याच्याकडून सुटलं.

माग पुढे कुठे जातो ते चालता-चालता सांगतो. नाणं सुनेनं नेलंच नाही, नेलं पोटच्या पोरानं. लेस्लीला जुगाराचं कर्ज होतं. त्यातून लुई व्हॅनियर नावाच्या एका गुळगुळीत बदमाशाची गाठ पडली आणि बेत ठरला की अस्सलावरून नकला पाडायच्या. युक्ती दंतवैद्याच्या कारखान्यातली. दाताची सोन्याची टोपी करताना आधी मेणाचा नमुना घडवतात, भोवती साचा भरतात, मेण तापवून काढून टाकतात आणि त्या पोकळीत सोनं ओततात. दाताच्या बारीक कडा जिथे हुबेहूब उतरतात, तिथे गरुडाचे पंखही उतरतात. आईच्या कपाटातून मुलानं नाणं काढलं आणि आईनं आळ घेतला सुनेवर. मुलानं तो आळ मुकाट्यानं तसाच राहू दिला.

संध्याकाळ झाली. लिंडालाही भेटून घ्या. शहराबाहेर बड्या लोकांच्या खाजगी दरीत एक क्लब आहे. वाद्यवृंद वाजतोय, अत्तर आणि धुराची जाड चादर पसरलीय, बर्फ ग्लासात किणकिणतोय. ती गाते आणि पोट भरते. सासूच्या तोंडून ऐकलेली कैदाशीण शोधायला याल तर निराश व्हाल. ही बाई सरळ आहे. बोलते तेव्हा डोळ्यांत बघून बोलते. घरात राहवलं नाही म्हणून बाहेर पडली, जाताना कोणाचं काही घेतलं नाही. सगळ्या कथेत सगळ्यात जास्त संशय जिच्यावर, तीच सगळ्यात स्वच्छ.

आणि आता मर्ल. खिडकीचं रहस्य तिच्यापाशी आहे, निदान तिला तसं वाटतं. आठ वर्षांपूर्वी ती बाईंच्या पहिल्या नवऱ्याकडे, होरेस ब्राइटकडे, कामाला होती. त्यानं तिच्यावर हात टाकला. पुढे एका दिवशी तो उंच खिडकीतून पडून मेला आणि मर्लच्या मनात इतका काळोख झाला की काय घडलं ते तिला आठवेना. तेव्हा बाईंनी तिला समजावलं की तूच ढकललंस त्याला, पण घाबरू नकोस, मी कोणाला सांगणार नाही. घरात ठेवून घेतलं. तेच ते उपकार. व्हॅनियर पैसे उकळायला लागला तेव्हा पैशांचं पाकीट पोचवायला मर्लच जायची. स्वतःच्या पापाची किंमत बाई आपल्या खिशातून भरताहेत, असं समजून ती ओशाळत जायची.

व्हॅनियरकडे एक फोटो होता. कोणीतरी नेमक्या त्या क्षणी टिपलेला. मार्लो तो शोधून काढतो. या, त्याच्या खांद्यावरून बघा. खिडकीतून तोल गेलेला माणूस आणि त्याच्या पाठीशी ढकलणारी व्यक्ती. ती मर्ल नाही. ती एलिझाबेथ मर्डॉक आहे.

इथे पोटात खड्डा पडतो तो खुनामुळे नव्हे. खून करणारे पुस्तकात पुष्कळ भेटतात. एका बाईनं आपला गुन्हा एका पोरीच्या अंगावर शालीसारखा पांघरला आणि त्या पोरीनं ऊब मिळाली म्हणून आठ वर्षं आभार मानले, हे सहन होत नाही. घराण्याच्या निष्ठेच्या नावाखाली या घरात तीन माणसं वापरली गेली. सुनेला दोषी ठरवलं, मुलाला दुबळा ठेवला, नोकर मुलीला गुन्हेगार बनवलं. आणि मधल्या वेताच्या खुर्चीवरची बाई जागची हललीसुद्धा नाही.

चँडलरला हे घर कुठून सुचलं, ते मी सांगू शकत नाही. त्याचं स्वतःचं घर मात्र तुम्हाला दाखवतो. वडील दारूत बुडाले आणि सोडून गेले. आईनं, फ्लोरेन्सनं, नातेवाइकांच्या आधारानं त्याला इंग्लंडात वाढवलं. पुढे लॉस एंजलिसला तो स्थिरावला तेव्हा आईला त्यानं आपल्याजवळ आणलं आणि सांभाळलं. मग त्याचं सिसी पास्कलवर प्रेम बसलं. ती त्याच्याहून 18 वर्षांनी मोठी आणि तेव्हा विवाहित, घटस्फोट पुढे झाला. आईला हे पसंत नव्हतं. आई असेपर्यंत त्यानं लग्न केलं नाही. आई 1923 च्या सप्टेंबरात गेली आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यानं सिसीशी लग्न केलं. ते 1954 मध्ये सिसीच्या मृत्यूपर्यंत टिकलं. आईचा मान आणि बायकोची जागा यांच्यात अडकलेला मुलगा कसा दिसतो, ते या लेखकाला आरशात बघून माहीत होतं. लेस्लीला त्यानं दुबळा दाखवलं, पण राक्षस केलं नाही, याचं मला फार महत्त्व वाटतं.

आता शेवटचा प्रवास, आणि तो लांबचा आहे. मार्लो मर्लला गाडीत घालून तिच्या आईवडिलांकडे निघालाय, कॅन्सासमधल्या विचिटाला. दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर. तुम्ही मागच्या आसनावर. वाळवंटाची धग काचेतून आत येते, चाकांखालचं डांबर मऊ पडलंय, दातांत वाळू करकरते. मधूनच एखादा पेट्रोलपंप, तिथे बर्फाच्या पेटीतली बाटली कपाळाला लावायची आणि पुन्हा निघायचं. मार्लो तिला फोटो दाखवून झालाय, खरं काय ते सांगून झालंय. तिला ते लगेच पटत नाही. इतकी वर्षं उराशी धरलेला अपराध एका कागदाच्या तुकड्यानं सुटत नाही. ती अजूनही बाईंची बाजू घेते. तो वाद घालत नाही, गाडी चालवत राहतो. या कामाचे रोजचे 25 डॉलर त्याला कोणी देणार नाही. रक्ताचं नातं नाही, प्रेमप्रकरण नाही. या पुस्तकात खऱ्या निष्ठेनं वागलेला माणूस हाच, आणि तो कुटुंबातला नाही.

परत यायची वेळ झाली. तुम्ही आत्ता चढलात ती बंकर हिल पुढच्या काही दशकांत पार सपाट केली जाईल. वाडे पाडतील, टेकडी तासतील, काचेचे मनोरे उभे राहतील. एंजल्स फ्लाइट 1969 मध्ये बंद पडेल आणि 1996 मध्ये जवळच्या नव्या जागी पुन्हा सुरू होईल. तिथे गेलात तर तिकीट काढून जरूर बसा. पण या कादंबरीतलं घर पाडायला कुठली नगरपालिका येणार नाही. ते आपल्याला आपल्यातच पाडावं लागतं. कपाटातलं काही नाहीसं झालं आणि सगळी बोटं एकदम सुनेकडे, जावयाकडे, घरात नव्यानं आलेल्या कोणाकडेही वळली, की तिथेच सगळ्यांना थांबवा आणि दोन प्रश्न मोठ्यानं विचारा. हा आळ खरा ठरला तर सुटका कोणाची होणार? आणि या घरात इतकी वर्षं कोण कोणाचे उपकार फेडत बसलंय?